गिटार अ‍ॅम्पमधली ट्यूब बदलताय? सॉकेटमध्ये बसली म्हणजे चालेलच असं नाही

आजोबांच्या काळातला रेडिओ आठवतोय? बटण फिरवलं की लगेच आवाज यायचा नाही. आतल्या काचेच्या नळ्या तापेपर्यंत थांबावं लागायचं. त्या नळ्या म्हणजे व्हॉल्व्ह, किंवा ट्यूब. जत्रा जुन्नरजवळच्या मढची असो की मुंबईतली, एकेकाळी भोंग्यामागचा अ‍ॅम्प्लिफायरही ट्यूबवरच चालायचा. बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स ही सरकारी कंपनी त्या काळी आपल्याकडेच असे व्हॉल्व्ह बनवायची.

पुढे ट्रान्झिस्टर आला आणि ट्यूब मागे पडल्या. इलेक्ट्रिक गिटारच्या अ‍ॅम्पमध्ये मात्र त्या टिकल्या. आवाज वाढवल्यावर त्या ज्या पद्धतीने 'फाटतात', तोच रॉक आणि ब्लूजचा ओळखीचा आवाज आहे. पण ट्यूब झिजतात आणि ठरावीक काळाने बदलाव्या लागतात. मग प्रश्न येतो: हवा तो प्रकार मिळत नसेल, तर दुसरा लावला तर चालेल का?

टंचाई का होते?

गिटार अ‍ॅम्पच्या बहुतेक ट्यूब आज रशियातलं साराटोव्ह, स्लोव्हाकियातलं चाड्त्सा आणि चीन इथल्या मोजक्या कारखान्यांतून येतात. मार्च २०२२ मध्ये, युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर रशियाने अनेक वस्तूंच्या निर्यातीवर बंदी घातली. त्यात ट्यूबही अडकल्या. पुढे निर्यात पुन्हा सुरू झाली, पण तोवर साठेबाजी झाली आणि किमती चढल्या.

हे पहिल्यांदाच घडलं असंही नाही. १९९० च्या दशकात चांगल्या ईएल३४ ट्यूब मिळेनात, तेव्हा मार्शल कंपनीने जेसीएम९०० मालिकेच्या अ‍ॅम्पमध्ये ५८८१ ट्यूब लावल्या. म्हणजे 'साउंड' फक्त वादकाच्या आवडीवर ठरत नाही, पुरवठ्यावरही ठरतो.

मग अदलाबदल करता येते का?

येते, पण मार्शलने अ‍ॅम्पचं सर्किटही त्या ट्यूबला साजेसं ठेवलं होतं. घरी नुसती ट्यूब बदलली तर काय होतं, ते ईएल३४ आणि ६एल६ या दोन लोकप्रिय प्रकारांवरून पाहू. दोन्ही आठ पिनांच्या एकाच सॉकेटमध्ये बसतात. फरक आत आहे.

• हीटर: ६एल६ चा हीटर ०.९ अँपिअर घेतो, ईएल३४ चा १.५. चार ट्यूबच्या अ‍ॅम्पमध्ये हा भार ३.६ वरून ६ अँपिअरवर जातो. ट्रान्सफॉर्मर तेवढ्या क्षमतेचा नसेल तर तापून जळू शकतो.

• वायरिंग: ईएल३४ ला पिन १ आणि पिन ८ जोडलेल्या लागतात. ६एल६ साठी बनवलेल्या अ‍ॅम्पमध्ये ही जोडणी असेलच असं नाही.

• बायस: ट्यूबमधून किती करंट वाहील, ते बायस ठरवतं. ईएल३४ साठी लावलेल्या बायसवर ६एल६ घातली तर साधारणपणे जास्त करंट वाहतो. आतली प्लेट लालबुंद होते आणि ट्यूब जाते. उलट केलं तर आवाज कोरडा आणि पातळ येतो.

दिसायला त्यांच्यासारखीच असलेली ६व्ही६ तर आणखी नाजूक. ६एल६जीसी ची प्लेट ३० वॅट सोसते, ६व्ही६ ची साधारण १४. मोठ्या अ‍ॅम्पमध्ये ती टिकत नाही.

सर्वात मोठा धोका कोणता?

पैशांचं नुकसान भरून निघेल, जिवाचं नाही. या अ‍ॅम्पमध्ये ४०० ते ५०० व्होल्ट डीसी असतात. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये हा दाब राहू शकतो. व्हिडिओ पाहून अ‍ॅम्प उघडणं म्हणूनच धोक्याचं.

तुम्ही काय करावं?

अ‍ॅम्पच्या मॅन्युअलमध्ये कोणत्या ट्यूब चालतात ते आधी पाहा. काही अ‍ॅम्पमध्ये प्रकार बदलण्यासाठी स्विच असतो, तिथे काम सोपं आहे. स्विच नसेल तर मूळ प्रकारच शोधा, कंपनी वेगळी असली तरी चालेल. बायस मात्र तपासून घ्या. प्रकार बदलायचाच असेल, तर ट्यूब विकत घेण्याआधी ट्यूब अ‍ॅम्पचं काम येणाऱ्या मेकॅनिकला अ‍ॅम्प दाखवा. ट्रान्सफॉर्मर तो भार पेलेल का, हे त्याच्याकडून कळल्यावरच पैसे खर्च करा.