कार्ड चालेल, पण कुठलं?

पुण्यातल्या पाट्यांवर विनोद खूप झाले, विचार फारसा झाला नाही. 'क्रेडिट कार्ड स्वीकारले जाणार नाही' हीच पाटी घ्या. ती दिसली की दुकानदाराला मागासलेला ठरवून आपण मोकळे! मला विचाराल तर नारायण पेठेतल्या किराणा दुकानदाराने ती खुशाल लावावी.

गणित साधं आहे. समजा हजार रुपयांच्या मालावर ८० रुपये सुटतात. क्रेडिट कार्डावर बँकेने दोन टक्के कापले की २० रुपये गेले. म्हणजे विक्रीचे दोनच टक्के, पण नफ्याचे पंचवीस टक्के! डेबिट कार्डाच्या शुल्काला रिझर्व्ह बँकेने कमाल मर्यादा घातली आहे, क्रेडिट कार्डाला तशी मर्यादा नाही. आणि तुमचे ते रिवॉर्ड पॉइंट्स? बँक काही पदरचे देत नाही. बऱ्याच अंशी ते या कापलेल्या पैशातूनच येतात. दुकानदार हा खर्च भावात धरणार. म्हणजे रोख पैसे मोजणारी धुणीभांडी करणारी बाईसुद्धा तुमच्या पॉइंट्सचा भार उचलणार. हा कुठला न्याय?

पण म्हणून सगळीच कार्डं बंद? हेही पटत नाही. १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआयवरचं दुकानदाराचं शुल्क रद्द झालं. (रुपेचं क्रेडिट कार्ड वेगळं, गल्लत नको.) २०१४ पासून जनधन खात्यांवर मिळालेलं कार्ड हे रुपेचंच. ते नाकारणं म्हणजे नेमक्या गरीब गिऱ्हाइकाला परत पाठवणं. व्हिसा-मास्टरकार्डच्या डेबिट कार्डांचं म्हणाल, तर वर्षाला २० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या दुकानाला २०१८ पासून जास्तीत जास्त ०.४० टक्के, म्हणजे हजाराला चार रुपये. तेवढ्यासाठी गिऱ्हाईक तोडणं हा हिशेब नव्हे, चिक्कूपणा झाला.

आणि 'कार्डावर दोन टक्के जास्त पडतील' म्हणणारे महाभाग! डेबिट कार्डावर असे जादा पैसे घ्यायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. तिथे गिऱ्हाइकाने जरूर भांडावं.

लक्ष्मी रस्त्यावरच्या साडीच्या दुकानाची गोष्ट निराळी. तिथे नफ्याला जागा असते आणि कार्ड हातात असलं की खरेदीही वाढते. त्यांनी क्रेडिट कार्ड घ्यावं, पण किराणावाल्याने त्यांची नक्कल करू नये.

तेव्हा पाटी असावी, पण पूर्ण असावी: 'डेबिट कार्ड व यूपीआय चालेल. क्रेडिट कार्ड नाही.' यात उद्धटपणा काही नाही, चोख व्यवहार आहे.