लहरी जनतेच्या, लिलाव कोणासाठी?

प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. तरीही वाळूजच्या कंत्राटी कामगाराने दरमहा केबलचे भाडे भरावे, हीच रीत पडली आहे. जोडणी-शुल्काला १३० रुपये अधिक कर अशी कमाल मर्यादा होती. नियामक प्राधिकरणाने तीही जुलै २०२४ मध्ये उठविली. सशुल्क वाहिन्यांचे दाम निराळेच!

पर्याय आहे. २००४ साली सुरू झालेल्या दूरदर्शनच्या ‘फ्री डिश’साठी छत्री आणि सेट-टॉप बॉक्स एकदाच घ्यावा लागतो, मासिक वर्गणी नाही. मुकुंदवाडीतील पत्र्याच्या घरावरही ती छत्री बसते आणि ‘सह्याद्री’ दिसते.

परंतु या सार्वजनिक सेवेतही खाजगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने विकल्या जातात. १ एप्रिल २०२२ रोजी चार बड्या समूहांनी आपल्या हिंदी मनोरंजन वाहिन्या तेथून काढून घेतल्या. फुकट पाहणारा श्रमिक त्यांच्या वर्गणीच्या धंद्याला जड होऊ लागला होता. भांडवल गरिबाच्या घरी पाहुणे म्हणून येते. नफा आटताच उठून जाते.

म्हणून आमची मागणी सवलतीची नव्हे, हक्काची आहे. लिलावाचे उत्पन्न ‘सह्याद्री’च्या बातम्या, शेती आणि नाट्य यांवर खर्च करा. स्वस्त पर्याय म्हणजे निकृष्ट पर्याय, हे समीकरण श्रमिकांनी का स्वीकारावे?