बॅटिंग कोचला अख्खी टीम द्यावी का?

शाळेतले गणिताचे मास्तर उत्तम शिकवतात, म्हणून त्यांना मुख्याध्यापक करायचं ही आपली जुनी सवय. क्रिकेटमध्येही तेच चालतं. बॅटिंग कोच यशस्वी झाला की पुढची पायरी हेड कोच! मला हा हिशेबच पटत नाही, कारण बॅटिंग कोचचं यश मोजायचं तरी कसं? अमोल मुझुमदार २०१९ मध्ये भारत दौऱ्यावर आलेल्या दक्षिण आफ्रिकेचे बॅटिंग कोच होते. त्या टीमने कसोटी मालिका ३-० अशी गमावली. तेवढ्यावरून नेमणूक ठरली असती, तर त्यांना पुन्हा कुणी विचारलंही नसतं.

तेच मुझुमदार ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतीय महिला टीमचे हेड कोच झाले आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी वर्ल्ड कप जिंकला. आता सगळे म्हणतात, बघा, बॅटिंगचा माणूस होता म्हणून जमलं. (प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर रन्स, आणि भारताकडून एकही मॅच नाही. माणूस मोठाच.) पण डिसेंबर २०२४ मध्ये हीच टीम वेस्ट इंडीजशी आपल्या कोटंबीत तीन वन डे खेळली, तेव्हाचं आठवा. वासणा रोडवरून कोटंबी म्हणजे अख्खं शहर ओलांडून पलीकडे; तरी गेलं त्याचं सार्थक झालं. हरलीनची सेंच्युरी झाली, हे खरं. पण पहिल्या मॅचला रेणुकाने पाच विकेट काढल्या आणि तिसऱ्या मॅचला दीप्तीने सहा. हे बॅटिंगच्या वहीतलं नव्हे.

खरी परीक्षा वर्ल्ड कपमध्येच झाली. लागोपाठ दोन मॅच हरल्यावर इंदूरला इंग्लंडविरुद्ध बोलिंग वाढवायची म्हणून जेमिमा रॉड्रिग्जला बाहेर बसवलं आणि रेणुकाला घेतलं. बॅटिंगवर जीव असलेल्या माणसाने बॅट्समन कमी करणं सोपं नाही. मॅच चार रन्सने गेली. म्हणजे तिसरा पराभव. पण पुढच्याच मॅचला जेमिमा परत आली, तीही थेट तिसऱ्या नंबरवर: नाबाद ७६. मग सेमीफायनलला ऑस्ट्रेलियाचे ३३९ गाठताना नाबाद १२७. जिला काल बसवलं, तिलाच आज वरचा नंबर द्यायचा, आणि तिने मनात काही न ठेवता खेळायचं. हेड कोचचं काम हे आहे, आणि ते नेटमध्ये बॉल फेकून शिकता येत नाही.

उलटं उदाहरण ग्रेग चॅपेल यांचं. बॅटिंग त्यांच्याइतकी कळणारे थोडेच असतील, पण सीनियर खेळाडूंशी पटलं नाही आणि २००७ च्या वर्ल्ड कपनंतर ते गेले. त्याच वर्षी इंग्लंड दौऱ्यावर मॅनेजर म्हणून कोण गेलं? चंदू बोर्डे. पुण्याच्या मराठी ख्रिस्ती घरातले, तरुणपणी बडोद्याकडून खेळलेले, तेव्हा सत्तरी ओलांडलेले. हेड कोच नव्हताच. बोलिंग वेंकटेश प्रसाद बघत होते, फिल्डिंग रॉबिन सिंग. द्रविडच्या टीमने ती कसोटी मालिका १-० जिंकली, इंग्लंडमध्ये तब्बल २१ वर्षांनी!

तेव्हा बॅटिंग कोचला हेड कोच करू नका, असं माझं म्हणणं नाही. जरूर करा, पण नेमताना त्याला बॅटिंगबद्दल कमी विचारा. बोलर रुसला तर काय करशील, आवडत्या पोरीला बसवायची वेळ आली तर तिला कोण सांगणार, तू की कॅप्टन, हे विचारा. आणि कॅप्टनच्या मध्ये कधी पडणार नाहीस, हेही. फायनलला शेफालीच्या हातात बॉल दिला तो हरमनप्रीतने, स्वतःला वाटलं म्हणून. शेफालीने दोन विकेट काढल्या. त्याचं श्रेय कुठल्याच कोचला देता येणार नाही.