वर्क ऑर्डर नाही, मग बिल कुणाकडे मागायचं?

बेळगाव : "काम सुरू करा, ऑर्डर मागून येते." हे वाक्य सीमाभागातल्या ठेकेदारांना नवीन नाही. पण बेळगावचे ठेकेदार संतोष पाटील यांच्या प्रकरणाने त्याची किंमत सगळ्यांना दाखवली. हिंडलगा परिसरात रस्त्यांची सुमारे चार कोटींची कामं केली, पण बिल निघत नाही आणि ४० टक्के कमिशन मागितलं जातं, असा त्यांचा आरोप होता. १२ एप्रिल २०२२ रोजी ते उडुपीच्या एका लॉजमध्ये मृतावस्थेत आढळले. तत्कालीन ग्रामविकास मंत्री के. एस. ईश्वरप्पा यांनी आरोप फेटाळले, मात्र मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे जुलैमध्ये पोलिसांनी त्यांच्याविरुद्ध पुरावा नसल्याचा 'बी रिपोर्ट' दाखल केला.

राजकारण बाजूला ठेवलं तरी एक प्रश्न उरतोच. या कामांना रीतसर वर्क ऑर्डरच नव्हती, असं सरकारचं म्हणणं होतं. मग केलेल्या कामाचे पैसे बुडाले म्हणायचे का?

राज्यघटनेच्या कलम २९९ नुसार राज्य सरकारशी करार ठराविक पद्धतीनेच, लेखी व्हावा लागतो. अधिकाऱ्याचा किंवा पुढाऱ्याचा तोंडी शब्द म्हणजे करार नव्हे. तरीही एक वाट आहे. काम फुकट करायचं म्हणून केलेलं नसेल, कायदेशीर असेल आणि समोरच्याने त्याचा लाभ घेतला असेल, तर भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ७० खाली भरपाई मागता येते. बंगालमधल्या बी. के. मंडल अँड सन्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये हेच मान्य केलं. पण काम झालं आणि सरकारने ते स्वीकारलं, हे ठेकेदारालाच सिद्ध करावं लागतं. मेजरमेंट बुकात नोंद नसेल तर तिथेच घोडं अडतं.

खासगी बांधकामातही हीच गत. निपाणीत घर बांधायचं, ठेकेदार कागलचा, व्यवहार तोंडी आणि पैसे रोख! वाद बहुतेक वेळा 'एक्स्ट्रा' कामावरून होतो. जिना वाढवला, फरशी बदलली. दर कुणी लिहून ठेवला?

मुदतीही ध्यानात ठेवा. पैसे देण्याची तारीख ठरली नसेल, तर काम झाल्यापासून तीन वर्षांत ठेकेदाराने दिवाणी दावा करायला हवा. घरमालकाला सदोष बांधकामाची ग्राहक आयोगात तक्रार करायला दोनच वर्षं मिळतात. आपल्या लोकांसाठी महत्त्वाचं म्हणजे, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारदार स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे ठेकेदार महाराष्ट्रातला असला तरी निपाणीच्या माणसाला बेळगावच्या आयोगात जाता येतं, कोल्हापूरला खेटे घालावे लागत नाहीत.

आणखी एक गैरसमज आहे. स्वतःच्या जागेवर स्वतःसाठी बांधलेल्या घराला 'रेरा' लागू होत नाही. तो कायदा विक्रीसाठीच्या प्रकल्पांचा.

उपाय साधाच आहे. दर, मुदत, साहित्य कुणाचं आणि हप्ते कधी, हे स्टॅम्प पेपरवर लिहा. वाढीव कामाला दर वेळी दोघांची सही घ्या. पैसे बँकेतून द्या. सरकारी कामात वर्क ऑर्डर हातात पडल्याशिवाय खडीची गाडी रिकामी करू नका. ओळख कितीही जुनी असो, कोर्टात कागदच बोलतो.