कोनोकार्पस तोडले, दमा मात्र घरातच राहिला

गेल्या डिसेंबरात रात्री साडेअकराच्या सुमारास एका आजींना त्यांचा मुलगा रुग्णालयात घेऊन आला. आजींना सलग तीन शब्द बोलता येत नव्हते. बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन 88 दिसत होता. नेब्युलायझर, स्टेरॉइडचे इंजेक्शन, ऑक्सिजन असे सगळे झाल्यावर पहाटे कुठे त्यांचा श्वास जागेवर आला. सकाळी राउंडला गेल्यावर मी विचारले, "पंप नियमित चालू होता ना?"

उत्तर मुलाने दिले. "पंप दोन महिन्यांपूर्वीच बंद केला, डॉक्टर. सोसायटीने ती कोनोकार्पसची झाडं तोडली ना! मग म्हटलं, आता कशाला?"

मला राग आला. आजींवर नाही, मुलावरही नाही. आधी ती झाडे लावणाऱ्यांवर आणि मग ती तोडून दमा गेला असे सांगणाऱ्यांवर. त्यातल्या पहिल्या गटात मी स्वतः आहे, म्हणून हा लेख जरा तिखट होणार आहे.

आमच्याही सोसायटीत नऊ-दहा वर्षांपूर्वी हाच प्रश्न होता. शेजारच्या प्लॉटवर नवी इमारत उभी राहिली आणि त्यांच्या गॅलरीतून आमच्या स्वयंपाकघरात परातीतली कणीकही दिसू लागली. आडोसा हवा होता, यात चूक काहीच नाही. दिवसभर पडदे ओढून बसणे ही शिक्षाच असते, विशेषतः घरातल्या बायकांना. नर्सरीवाल्याने सांगितले, "साहेब, कोनोकार्पस लावा. बारा महिने हिरवं, पानगळ नाही, पाणी कमी, गुरं तोंड लावत नाहीत, तीन वर्षांत दुसरा मजला गाठतं." मीटिंगमध्ये मी हात वर केला. दोन-दोन फुटांवर रोपे लागली आणि नर्सरीवाल्याचा शब्द खरा ठरला. भिंतच उभी राहिली.

हे झाड आपले नाही. कोनोकार्पसची एक जात अमेरिकेच्या आणि पश्चिम आफ्रिकेच्या उष्ण किनाऱ्यावरची, खारफुटीच्या शेजारी वाढणारी. दुसरी सोमालिया-येमेनकडची. दोन्ही खारट, रेताड जमिनीत तग धरणाऱ्या, म्हणून आखाती देशांनी त्या रस्तोरस्ती लावल्या आणि पुढे आपल्याकडच्या नगरपालिका, बिल्डर आणि सोसायट्यांनी तोच कित्ता गिरवला. गंमत अशी की कुळ बघितले तर हे झाड अर्जुन, हिरडा, बेहडा यांचे भाऊबंद. पण चुलतभाऊ वैद्य असला म्हणून आपण औषध होत नाही.

ज्या झाडाला पाणी कमी दिले तरी चालते, ते पाणी शोधायला मुळे पाठवते. ड्रेनेजच्या पाइपात, पाण्याच्या टाकीकडे, केबलच्या नळीत. गुजरात सरकारने 2023 मध्ये या झाडाच्या लागवडीवर बंदी घातली तेव्हा दोन कारणे दिली होती: मुळांमुळे होणारे हे नुकसान, आणि हिवाळ्यात फुलोरा आल्यावर परागकणांमुळे होणारी सर्दी, खोकला, दमा आणि ॲलर्जी.

आता नेमके बोलू या, कारण इथेच सगळा घोटाळा होतो.

या झाडाची फुले हिरवट, बारीक, गोंड्यासारखी असतात आणि परागकण भरपूर. इराणच्या खुझेस्तान भागात, जिथे ही झाडे सगळीकडे आहेत, तिथल्या काही ॲलर्जी रुग्णांच्या रक्तात या परागांविरुद्धच्या ॲन्टिबॉडी सापडल्या आहेत. म्हणजे त्रास होऊ शकतो, आणि ज्याला होतो त्याला खरोखर होतो. एवढे कारण मला नवी लागवड थांबवायला पुरते. दुसरी शंभर झाडे उपलब्ध असताना हेच का लावायचे?

पण "काहींना होऊ शकतो" आणि "तुमच्या आईचा दमा याच झाडामुळे आहे" या दोन वाक्यांत फार मोठे अंतर आहे. ते अंतर व्हॉट्सॲपने एका फॉरवर्डमध्ये मिटवून टाकले, आणि आम्ही डॉक्टरांनीही हातभार लावला. "काही झाडं वगैरे आहेत का आजूबाजूला? मग त्यानेच असेल," हे वाक्य मी माझ्या व्यवसायबंधूंच्या तोंडून ऐकले आहे. तपासणी नाही, कोणत्या महिन्यात त्रास वाढतो याची विचारपूस नाही. झाड बोलत नाही, त्यामुळे त्याच्यावर आरोप ठेवणे सोपे असते.

आजींचेच घ्या. त्यांचा दमा बावीस वर्षांपूर्वीचा. ती इमारत बारा वर्षांची आणि झाडे सात वर्षांची. म्हणजे झाडाचा जन्म व्हायच्या आधीच दमा होता! घरी काय आहे ते मी खोदून विचारले. सकाळ-संध्याकाळ देवापुढे उदबत्ती आणि धूप. रात्री डासांची कॉइल, तीही पलंगाखाली. कापसाची जुनी गादी, जिला वर्षभरात ऊन लागलेले नाही. बाथरूमच्या डक्टमध्ये कबुतरांची वस्ती आणि खालच्या मोकळ्या जागेत गाजर गवत. हे गवत 1950च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदले गेले. त्याने होणारी त्वचेची आणि नाकाची ॲलर्जी आम्ही विद्यार्थी असल्यापासून पाठ आहे, पण ते उपटण्यासाठी सोसायटीची विशेष सभा बोलावलेली मी एकदाही पाहिली नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे बंद खिडकी.

या हिरव्या भिंतींवर माझा खरा राग आहे तो इथे. आजी तळमजल्यावर राहतात. खिडकीपासून चार फुटांवर झाडांची दाट रांग. आधी अंधार होतो म्हणून दिवा, मग डास येतात म्हणून खिडकी बंद, मग डास तरीही येतात म्हणून कॉइल, आणि कॉइलचा धूर बाहेर जायला वाट नाही म्हणून तो छातीत. भिंतीला ओल, ओलीवर बुरशी. दम्याच्या रुग्णासाठी यापेक्षा वाईट खोली मला मुद्दाम बांधायला सांगितली तरी जमणार नाही. घरात कुणाला क्षयरोग असेल तर अशा कोंदट खोलीत इतरांना धोका वाढतो. मोकळी हवा हा क्षयाविरुद्धचा सगळ्यात स्वस्त उपाय आपण हिरव्या पडद्याने बुजवून टाकतो. यात कोनोकार्पसचा एकट्याचा दोष नाही. तिथे कुठलेही झाड इतके चिकटून लावले असते तरी हेच झाले असते.

"पण डॉक्टर, झाडं ऑक्सिजन देतात!" हे ठरलेले उत्तर. हवेत ऑक्सिजन सुमारे 21 टक्के असतो. खिडकीबाहेर वीस झाडे असोत की मोकळे मैदान, तो 21च राहतो. झाडांचे उपकार आहेत, सावलीचे आहेत, गारव्याचे आहेत, पक्ष्यांचे आहेत. पण आजींचा ऑक्सिजन 88 झाला तो हवेत कमी पडला म्हणून नाही, श्वासनलिका आकसल्या म्हणून. धुळीचेही तसेच. रस्ता आणि घर यांच्यामधले दाट कुंपण धुराचा काही भाग अडवते हे खरे. मात्र दोन्ही बाजूंना उंच इमारती असलेल्या अरुंद गल्लीत दाट झाडी वारा अडवून तोच धूर खाली कोंडूही शकते. जागा बघून ठरवायचे असते.

मग आडोसा करायचाच नाही का? जरूर करा. उभा अशोक, ज्याला लोक नुसते अशोक म्हणतात (खरा सीतेचा अशोक वेगळा), हा सरळसोट, सदाहरित आणि दक्षिण भारतातलाच. त्याचे परागीभवन कीटक करतात, वारा नाही, त्यामुळे परागांचा त्रास कमी. फळांच्या दिवसांत वटवाघळे येतात आणि गाड्या घाण करतात, तेवढे सोसावे. फक्त तो इमारतीपासून दहा-बारा फूट दूर, कंपाउंडच्या भिंतीलगत हवा, आणि दोन रोपांत माणूस आरामात जाईल एवढे अंतर. तळमजल्याला उंच झाड लागतच नाही. डोक्याएवढा अडुळसा किंवा जास्वंद पुरते, वरून उजेड येतो. कामिनीचा वास काही दमेकऱ्यांना सोसत नाही, तेव्हा आधी विचारा.

दोन गोष्टी मात्र लावू नका. कण्हेर आणि बिट्टी दिसायला छान आणि सदाहरित, पण त्यांत हृदयाचे ठोके बिघडवणारे विष असते, आणि बिट्टीची फळे पोरांच्या हाताला सहज लागतात. आणि कोकणात कुंपणाला लावतात तो शेर. छाटताना त्याचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते.

तुमच्याकडे कोनोकार्पस आधीच उभा असेल तर रात्रीत कोयता चालवू नका. महाराष्ट्रात शहरी भागासाठी 1975 चा वृक्ष कायदा आहे, पालिकेची परवानगी लागते. परवानगी मिळेपर्यंत फुलोरा येण्याआधी रीतसर छाटणी करून घ्या, आणि त्याच जागी काय लावायचे ते आधी ठरवा. आजींच्या सोसायटीत आता तिथे नुसते खुंट आहेत. म्हणून समोरचे दिसू नये यासाठी त्यांच्या मुलाने खिडकीला काळी फिल्म चिकटवली आहे आणि खिडकी अजून बंदच आहे.

झाड राहो वा जावो, तुमचा पंप तुमच्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करायचा नाही. पंपाची सवय लागत नाही. रोजचा पंप श्वासनलिकेची सूज दाबून ठेवतो. बरे वाटते आहे ते त्यामुळे. थांबवला की सूज हळूहळू परतते आणि दोन महिन्यांनी एखाद्या थंड रात्री हिशेब मागते. ठरावीक महिन्यांतच त्रास होत असेल तर तारखा लिहून ठेवा, त्या घेऊन या. फुंकर मारायची तपासणी आणि गरज पडली तर त्वचेवरची ॲलर्जी चाचणी करता येते.

आजी गेल्या आठवड्यात दाखवायला आल्या होत्या. पंप चालू आहे, कॉइल बंद झाली आहे, पलंगाला मच्छरदाणी आली आहे. फिल्म काढायला मुलगा तयार नव्हता. अर्धी, खालच्या बाजूची ठेवायची आणि वरची झडप उघडायची, इथवर आमची तडजोड झाली. आमच्या सोसायटीची सभा पुढच्या रविवारी आहे. विषय तोच. या वेळी हात वर करण्याआधी मी टेप घेऊन खिडकी ते भिंत अंतर मोजून जाणार आहे.