सही झालेला फिल्टर

इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रॅक्टिकल परीक्षेला मला अधूनमधून ‘एक्स्टर्नल’ म्हणून बोलावतात. मान मोठा, मानधन किरकोळ, चहाबरोबर दोन बिस्किटं. तीस वर्षं ऑडिओची सर्किटं बनवून आणि दुसऱ्यांनी बनवलेली दुरुस्त करून पोट भरतोय, एवढीच माझी पात्रता. कॉलेजचं नाव सांगत नाही. सांगितलं तर बाकीची कॉलेजं उगाच सुटतील.

मागच्या खेपेला एका पोराला चिठ्ठीत ‘सेकंड ऑर्डर लो-पास बटरवर्थ फिल्टर’ आला. 741 नावाचा ऑप-अँप, म्हणजे आठ पायांचा किडा, 33 किलोओहमचे दोन रेझिस्टर, 4.7 नॅनोफॅरडचे दोन कपॅसिटर, आणि गेन ठरवायला 27 किलोओहम आणि 15.8 किलोओहमची जोडी. पोरांना हे सर्किट शुभंकरोतीसारखं पाठ असतं. पोराने ब्रेडबोर्डवर पंधरा मिनिटांत सगळं खोचलं, प्रोब लावला, सीआरओच्या पडद्यावर लाट आली. मग त्याने फंक्शन जनरेटरची वायर काढली. लाट तशीच. डोकं चपटं झालेली, हजार हर्ट्झच्या आसपासची, ठणठणीत.

“सर, इनपुट काढलं तरी आउटपुट येतंय,” तो म्हणाला. आवाजात घाबरणं कमी, कौतुक जास्त.

फिल्टर म्हणजे चाळण. लो-पास फिल्टर खालच्या सुरांना जाऊ देतो, वरच्यांना अडवतो. चाळणीत काहीही न टाकता खाली पीठ पडायला लागलं तर आपल्या घरातली कुठलीही बाई आधी चाळण उलटी करून बघेल. इथे चार वर्षं शिकलेला मुलगा त्या पिठाकडे बघत उभा, आणि शेजारी उघडं पडलेलं त्याचं जर्नल. त्यात याच प्रयोगाचं ऑब्झर्व्हेशन टेबल, सेमी-लॉग कागदावर आलेख, आणि खाली लाल शाईत सरांची सही. सर्टिफाइड.

घोटाळा साधा होता. 15.8 किलोओहम लावायला लागणारा 20 किलोओहमचा पॉट लॅबमध्ये संपला होता, म्हणून लॅबच्या काकांनी 100 किलोओहमचा दिला, आणि याने तो फिरवून कुठेतरी दोन-तृतीयांशावर सोडला. या सर्किटचा गेन 1.586 ठेवला तर फिल्टर बटरवर्थ होतो. गेन वाढवत नेला की कटऑफजवळ उंचवटा येतो. 3 च्या पुढे गेला की फिल्टर संपला, ऑसिलेटर सुरू. पुस्तकात ही ओळ असते. ती परीक्षेला येत नाही, म्हणून कुणी वाचत नाही.

“घरी सिम्युलेशन केलं होतंस?”

“हो सर. थोडा पीक येत होता, बाकी बरोबर होतं.”

हे उत्तर ऐकून मी खुर्चीत बसलो, कारण पोरगा खरं बोलत होता. गेन साडेतीन ठेवून सिम्युलेटरमध्ये नुसतं एसी अ‍ॅनालिसिस चालवलं, तर तो निमूटपणे एक देखणा आलेख काढून देतो. सहा डेसिबलचा उंचवटा, पुढे छान उतार. गेन अडीच ठेवला तरी आकार हाच येतो. गणितात एकाच पदाची खूण बदललेली असते, आणि मोठेपणा मोजताना वजाबेरजेचा फरक पुसला जातो. फेजचा आलेख बघितला असता तर चोर सापडला असता, पण फेजचा आलेख बघतो कोण? टेबलावर मात्र पहिलं सर्किट बोंबलत असतं आणि दुसरं नुसतं फुगलेलं असतं. लॅपटॉपला हे कळत नाही, कारण त्याला कुणी विचारलेलंच नसतं. आणि आमचे प्राध्यापक व्हर्च्युअल लॅबचं कौतुक करत फिरतात, ‘हार्डवेअरची कटकटच नको’ म्हणतात. पोहायला शिकवणाऱ्याने पाण्याची कटकट नको म्हणावं, त्यातली ही गत.

पण माझा राग त्या पोरावर नाही. जर्नलमधल्या टेबलावर आहे. इनपुट 1 व्होल्ट. 100 हर्ट्झला आउटपुट 1.58. बरोब्बर 1000 ला 1.12, म्हणजे नेमका तीन डेसिबल खाली. त्याच्या 33 आणि 4.7 वरून सूत्राने उत्तर 1026 येतं, पण राउंड फिगर दिसायला बरी. 10 किलोहर्ट्झला 0.017. आणि शेवटची ओळ: 100 किलोहर्ट्झला 0.00017 व्होल्ट.

0.17 मिलिव्होल्ट! त्या लॅबमधल्या सीआरओची सगळ्यात बारीक रेंज एका चौकटीला 5 मिलिव्होल्ट. म्हणजे हे रीडिंग चौकटीच्या तिसाव्या भागाएवढं. पडद्यावरच्या हिरव्या रेषेची जाडीच त्याहून जास्त असते. शिवाय डोक्यावरच्या ट्यूबलाइटची 50 हर्ट्झची गुणगुण ब्रेडबोर्डच्या लोंबत्या वायरांत शिरलेली असते ती वेगळी. हे रीडिंग त्या टेबलावर बसून घेता येत नाही. माझ्याच्याने नाही, सरांच्याने नाही, साक्षात ब्रह्मदेवाच्याने नाही. ते सूत्रातून आलंय, वरच्या वर्षाच्या जर्नलमधून खाली उतरलंय, आणि दरवर्षी एक नवी सही घेऊन पुढे चाललंय.

गंमत अशी की खरा आलेख इतका खाली जातच नाही. या सर्किटमध्ये पहिल्या कपॅसिटरचं एक टोक 741 च्या आउटपुटला बांधलेलं असतं. वरच्या फ्रिक्वेन्सीला कपॅसिटर जवळजवळ तार होतो, आणि ते टोक 741 ने घट्ट धरून ठेवावं अशी अपेक्षा असते. पण 741 चा दम 1 मेगाहर्ट्झच्या आसपास संपतो. हात सैल पडला की सिग्नल कपॅसिटरमधून सरळ पलीकडे झिरपतो, आणि खाली चाललेला आलेख थांबून पुन्हा वर वळतो. चाळणीच्या कडेने कोंडा सांडावा तसा. वायरलेस माइकच्या किंवा स्विचिंग सप्लायच्या कचऱ्यापासून ऑडिओ वाचवायला फिल्टर लावतात तेव्हा नेमकी हीच गळती गळ्याशी येते. हा वर वळणारा आलेख मी आजवर एकाही जर्नलमध्ये पाहिलेला नाही. एखाद्याने काढलाच तर सर तो खोडून सरळ करायला लावतील.

व्हायव्हात एकदा ‘बटरवर्थ म्हणजे काय’ असं विचारलं, तर उत्तर आलं, ‘बटरसारखा गुळगुळीत आलेख असतो म्हणून’. स्टीफन बटरवर्थ नावाच्या इंग्रजाने 1930 मध्ये तो लेख लिहिला. कॉइल गुंडाळायला तो सव्वा इंच व्यासाच्या, तीन इंच लांबीच्या नळ्या वापरायचा, आणि रेझिस्टर, कपॅसिटर त्या नळीच्या पोटात बसवायचा. गणित करून हात झटकले नाहीत त्याने. सॅलन आणि की यांनी 1955 मध्ये हे सर्किट मांडलं तेव्हा लेखाच्या नावातच ‘प्रॅक्टिकल’ हा शब्द होता. आणि स्पीकरच्या क्रॉसओव्हरवर 1976 पासून ज्यांचं नाव लागलंय ते लिंकविट्झ आणि रायली हे ह्युलेट-पॅकार्डचे, म्हणजे तेव्हा मोजमापाची उपकरणं बनवणाऱ्या कंपनीतले इंजिनिअर. मोजणाऱ्यांनी घडवलेली विद्या आपण छापणाऱ्यांच्या हाती दिली.

आता माझंही एक धुणं धुतो. उगाच सोवळं नेसून बसत नाही. एका सभागृहाच्या मिक्सरसाठी मी टोन फिल्टर केला होता. नमुना फिल्म कपॅसिटरवर बनवला, मोजला, सुंदर चालला. पुढच्या पन्नास बोर्डांच्या वेळी खरेदीवाल्याने सिरॅमिक आणले. मी विचारलं तर म्हणाला, “साहेब, 104 तर 104 असतो!” आणि मी मान डोलावली. मोजलं नाही. 104 म्हणजे 0.1 मायक्रोफॅरड हे खरं. पण स्वस्त सिरॅमिकची किंमत त्याच्यावर किती व्होल्टेज पडतंय यावर बदलते, तापमानावर बदलते, काही जातींत उणे वीस ते अधिक ऐंशी टक्के एवढी सूट कारखानाच देऊन ठेवतो. महिन्याभराने तक्रार आली. गेलो, झाकण काढलं, पेन्सिलीच्या रबराने त्या कपॅसिटरवर टिचकी मारली. समोरच्या स्पीकरमधून ‘ठक्’. सिरॅमिकपायी माझा फिल्टर मायक्रोफोन झाला होता. ऑपरेटर माझ्याकडे बघत होता, मी पेन्सिलीकडे. पन्नास बोर्डांचे कपॅसिटर स्वतःच्या खर्चाने बदलले. तेव्हापासून लॉट नवा आला की दहा नग काढून एलसीआर मीटरवर टाकतो. शहाणपणाची फी म्हणून ती रक्कम जरा जास्तच झाली.

बाजारात तर लाजच सोडलेली. पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास स्पीकर घ्यायला जा. ‘टू-वे बॉक्स, क्रॉसओव्हरसकट’ म्हणून जे गळ्यात बांधतात त्याचं झाकण काढलं तर ट्वीटरला एक 2.2 मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलायटिक लटकलेला. वूफर थेट. “कंडेन्सर लावलाय ना, मग झाला क्रॉसओव्हर.” आठ ओहम धरले तर ट्वीटर 9 किलोहर्ट्झच्या वर कुठे तोंड उघडणार. मोठा वूफर तीन-चार किलोहर्ट्झलाच धापा टाकायला लागतो. मधला पट्टा कोण वाजवणार? ‘स’ आणि ‘श’ यांची सगळी धार तिथेच असते. कीर्तनकाराचा ‘श’ त्या खड्ड्यात पडतो आणि लोक म्हणतात बुवांचा घसा बसलाय. आठ ओहम हेसुद्धा डब्यावर छापलेलं. ट्वीटरचा अवरोध रेझोनन्सपाशी चांगलाच चढतो, म्हणून डमी रेझिस्टर लावून काढलेला आलेख आणि खरा स्पीकर लावून काढलेला आलेख यांची तोंडओळखही नसते. दुसऱ्या टोकाला हौशी श्रीमंत. हजारो रुपयांचा आयात कपॅसिटर बसवून ‘आवाज उघडला’ म्हणतात. काय उघडलं ते मोजून दाखवा म्हटलं की चेहरा बंद.

उपकरणं नाहीत, हे रडगाणं मला सांगू नका. त्याच कॉलेजात कपाटात डीएसओ, म्हणजे डिजिटल स्कोप होता, प्लॅस्टिकच्या पिशवीत. तपासणी समिती येणार असली की पिशवी निघते. पण तो नसला तरी चालतं. लॅपटॉपला साधं यूएसबी साउंड कार्ड लावा, रूम ईक्यू विझार्ड फुकट मिळतं, आउटपुट इनपुटला जोडून आधी कार्डाचाच आलेख काढा, मग मध्ये फिल्टर घाला. 20 किलोहर्ट्झपर्यंतचा खराखुरा आलेख अर्ध्या मिनिटात समोर. तेवढ्या पट्ट्यात सीआरओला न दिसणारी बारीक रीडिंगंही दिसतात. (इनपुटला पाच-दहा व्होल्ट थेट ठोकू नका, कार्ड जाईल. मी दोन घालवलीत.)

त्या दिवशी मी पोराला म्हटलं, “पॉट हळूहळू मागे घे. ओरडणं थांबलं की सांग.” थांबलं. मग पॉट मीटरवर 15.8 ला लावला, जनरेटर जोडला आणि एकेक रीडिंग त्याच्याकडून घेतलं. कटऑफ आला 880 च्या आसपास. तो ओशाळला. “चुकलं सर, हजार यायला पाहिजे.” मी त्याला कपॅसिटर काढून मीटरवर टाकायला लावले. एक 5.3, दुसरा 5.6 नॅनोफॅरड. अंगावर दोन्हींच्या 4.7 छापलेलं. त्याने कॅल्क्युलेटर काढला, हिशेब केला, 885. पुन्हा केला. पुन्हा 885. मग पहिल्यांदाच त्याने ब्रेडबोर्डकडे नीट बघितलं, वाकून, जवळून.

इंटर्नल सर एव्हाना शेजारी येऊन उभे होते. हळूच म्हणाले, “साहेब, मार्क द्या हो पूर्ण, पण उत्तरपत्रिकेत एक किलोहर्ट्झच लिहू द्या. जर्नलशी जुळलं पाहिजे.”

पोराने विचारलं, आजचा कागद जर्नलला जोडू का? सरांनी पान उलटून दाखवलं. तिथे सही होती, दोन महिन्यांपूर्वीची.