रेडीच्या वाळूत डांबर कुठून आलं?

एका जूनमध्ये मी रेडीला गेलो होतो. द्विभुज गणपतीचं दर्शन झालं, यशवंतगड पाहून झाला आणि संध्याकाळी किनाऱ्यावर अनवाणी फिरून आलो. बघतो तर काय, तळव्यांना काळं, चिकट काहीतरी लागलेलं! साबणाने घासलं, तरी निघेना. घरातल्या आजींनी खोबरेल तेलाची बाटली पुढे केली आणि म्हणाल्या, "डांबर ता! समुद्र कोणाचा काय ठेवन घेणा नाय."

खरंच होतं त्यांचं. पण रेडीच्या समुद्रात डांबर टाकलं कुणी?

आखाती देशांतून तेल भरलेली टँकर जहाजं अरबी समुद्रातून सतत ये-जा करतात. तेल उतरवलं, तरी टाक्यांच्या तळाला आणि भिंतींना थोडं चिकटून राहतं. टाक्या धुतल्या की ते तेलकट पाणी जहाजावरच वेगळ्या टाकीत साठवायचं आणि बंदरात द्यायचं, ही झाली शहाणी रीत. 'मार्पोल' नावाचा आंतरराष्ट्रीय करार तर सांगतो की, किनाऱ्यापासून ५० सागरी मैलांच्या आत टँकरने असं पाणी सोडायचंच नाही. त्याच्या बाहेरही दर सागरी मैलाला ३० लिटरपेक्षा जास्त तेल जाता कामा नये. पण रात्रीच्या अंधारात, भर समुद्रात बघतंय कोण? काही जहाजं गुपचूप घाण सोडून देतात.

मग काय होतं? तेल पाण्यावर तरंगतं. त्यातला हलका भाग उडून जातो, उरलेलं घट्ट होतं, लाटांनी घुसळलं जातं आणि त्याचे गोळे बनतात. पावसाळ्यात वारा नैऋत्येकडून, म्हणजे समुद्राकडून जमिनीकडे वाहतो. तो हे डांबरगोळे किनाऱ्यावर आणून टाकतो. म्हणूनच गोव्याच्या किनाऱ्यांवर ते पावसाळ्याच्या सुमारास दिसतात. इकडे महाराष्ट्र, तिकडे गोवा, हे आपण ठरवलेलं. तेलाला कुठली आली हद्द?

कधी अपघातही होतात. १६ सप्टेंबर २०२२ ला 'पार्थ' नावाच्या टँकरमध्ये पाणी शिरलं. रत्नागिरीपासून सुमारे ४० सागरी मैलांवर, म्हणजे पाऊणशे किलोमीटरवर. जहाजात सुमारे ३,९०० टन डांबर होतं. तटरक्षक दलाने सगळ्या १९ खलाशांना सुखरूप वाचवलं, जहाज मात्र बुडालं. आणि धोका फक्त टँकरचाच नाही बरं का! २००६ साली कारवारजवळ 'ओशन सेराया' हे मालवाहू जहाज खडकावर चढलं. त्याच्या स्वतःच्या इंधनाचं तेल दक्षिण गोव्याच्या किनाऱ्यापर्यंत पोचलं. रेडी बंदरात खनिज न्यायला येणाऱ्या जहाजांच्या पोटातही इंधन असतंच की!

वाळूवरचं डांबर फावड्याने उचलता येतं. पण खाडीतल्या खारफुटीचं काय? तिची मुळं चिखलातून वर डोकं काढून श्वास घेतात. तेलाने ती माखली तर झाड गुदमरतं. पक्ष्यांची पिसं चिकटतात, मग ते भिजतात आणि गारठतात. रापणीचं जाळं डांबराने बरबटलं तर त्या दिवसाची कमाई गेलीच, वर जाळं साफ करण्याचे कष्ट.

"टँकर बंदच करा!" असं म्हणणं सोपं आहे. पण मी रेडीला एसटीने गेलो, ती डिझेलवरच चालली ना? तेल लागणार, तोवर जहाजं येणार. ती धड असावीत, किनाऱ्यापासून लांबून जावीत आणि घाण सोडणाऱ्याला जबर दंड व्हावा, एवढं तर मागता येईल?

त्यासाठी पुरावा हवा. तुम्ही किनाऱ्यावर राहत असाल तर एक वही करा. तारीख, वाऱ्याची दिशा आणि शंभर पावलांत दिसलेले गोळे लिहा. हात मात्र लावू नका, आणि ते जाळूही नका. खूप दिसले तर मोठ्यांना सांगून ग्रामपंचायतीला कळवा. वही चार पावसाळे चालली, तर तिचं म्हणणं कुणालाही ऐकावं लागेल.

आणि हो, खोबरेल तेल जवळ ठेवा!